टक्के कशाचे? जव्हार-मोखाडा, पोषण ट्रॅकर आणि रिपोर्ट काढणारं सॉफ्टवेअर

संशोधनाचा विषय ठरवताना तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात, ‘डेटा पोर्टलवर आहेच, डाउनलोड केला की झालं.’ आजची पोस्ट त्या ‘आहेच’बद्दल आहे. मी कुपोषणाच्या आकडेवारीवर काम करते आणि माझा निम्मा वेळ कोड लिहिण्यात जातो. त्यातलाही मोठा भाग विश्लेषणात जात नाही, रिपोर्ट उकलण्यात जातो. फाइलचं नाव एक्सेलचं, उघडली तर आत वेबपेजचं टेबल. शीर्षकाचे सेल एकात एक जोडलेले. डेटाच्या मध्येच ‘एकूण’ची ओळ. एकाच गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. कुठे शून्य, कुठे रिकामी जागा, आणि दोन्हींचा अर्थ एकच की वेगळा हे कुठेच सांगितलेलं नाही.

हा त्रास कोडने सुटतो. पण रिपोर्टच्या रचनेतच काही गोष्टी गाळल्या जातात, त्या कितीही कोड लिहिला तरी परत येत नाहीत. माझी खरी तक्रार तिथे आहे.

जव्हार-मोखाडाच का?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि हा भाग राज्यभर कुपोषणामुळे ओळखला जाऊ लागला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची मालिका लावायला बसलात, की तुमचा पहिला खड्डा इथेच: अलीकडचं ‘ठाणे’ आणि पूर्वीचं ‘ठाणे’ एक नाही.

दुसरा खड्डा जिल्ह्याच्या सरासरीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापर्यंतच आकडे देते. २०११ च्या जनगणनेत वसई तालुक्याची लोकसंख्या १३ लाखांवर होती, जव्हारची सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. वसई-विरारच्या इमारती आणि मोखाड्याचे पाडे एकाच सरासरीत घातले, तर मोखाडा दिसणार कसा? म्हणून तालुक्याचं काही समजून घ्यायचं तर अंगणवाडीतून येणाऱ्या आकड्यांकडेच वळावं लागतं.

आकडा येतो कुठून

पूर्वी अंगणवाडी सेविका रजिस्टरं भरायची. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि त्यासोबत मोबाइलवरची नोंद आली. मार्च २०२१ पासून देशभर ‘पोषण ट्रॅकर’ वापरात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. फोनची क्षमता कमी आणि ॲपची भाषा इंग्रजी, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. त्यात पाड्यावर रेंज नसते, ही अडचण जव्हार-मोखाड्यात फिरलेल्या कुणालाही सांगावी लागत नाही.

सेविका वजन आणि उंची भरते. सॉफ्टवेअर वय धरून मूल खुजं आहे का, लुकडं आहे का, कमी वजनाचं आहे का ते ठरवतं. मग बेरजा होत होत वर जातात आणि डॅशबोर्डवर टक्के दिसतात. तुम्हाला मिळतात ते हेच टक्के.

छेद विचारा

समजा, एका पाड्यावर ४० मुलांची नोंद आहे. दिवाळीआधी सगळ्यांचं वजन-उंची झाली, ६ मुलं लुकडी निघाली. १५ टक्के. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर निघाली, भिवंडीकडे, वसईकडे. १५ मुलं आईबापांबरोबर गेली आणि त्यात त्या ६ पैकी ४ होती. मागे राहिलेल्या २५ जणांचं मोजमाप झालं, २ लुकडी. ८ टक्के.

रिपोर्ट म्हणेल, कुपोषण जवळपास निम्म्यावर आलं. प्रत्यक्षात एकाही मुलाचं वजन एका ग्रॅमने वाढलेलं नाही. भट्टीवर गेलेली चार मुलं फक्त छेदातून बाहेर पडली, तीही ज्या महिन्यांत त्यांच्याकडे लक्ष देणं सगळ्यात गरजेचं होतं त्या महिन्यांत.

संसदेत पोषण ट्रॅकरचे आकडे दिले जातात तेव्हा ‘मोजलेल्या मुलांपैकी’ असे शब्द असतात. ते प्रामाणिक आहेत. पण तो आकडा बातमीत, मग पोस्टरवर, मग तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत जाईपर्यंत ‘मोजलेल्या’ हा शब्द गळून पडतो. तुम्ही तो गाळू नका. नोंदलेली किती, मोजलेली किती, न मोजलेली किती आणि ती का मोजली नाहीत, हे चार रकाने सोबत नसतील तर टक्के वापरू नका. कागदी रजिस्टरात निदान शेऱ्याचा रकाना तरी असायचा. बेरजेच्या रिपोर्टमध्ये शेरा वर चढत नाही.

तीन निर्देशक एकमेकांशी ताडून पाहा

२०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात पोषण ट्रॅकरवर मोजलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांत खुजी सुमारे ३५ टक्के, कमी वजनाची सुमारे १७ टक्के आणि लुकडी ५-६ टक्के होती. २०१९-२१ च्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच आकडे ३५.५, ३२.१ आणि १९.३ होते.

आता नीट बघा. खुजेपणा उंची आणि वयावरून ठरतो, तो जवळपास तेवढाच आहे. उरलेल्या दोन्ही निर्देशकांत वजन येतं आणि ते दोन्ही कोसळले आहेत. म्हणजे फरक वजनाच्या रकान्यात आहे. काही वर्षांत देशातल्या मुलांची उंची तशीच राहून वजन इतकं सुधारलं, हे शक्य आहे का? की वजनाची नोंद होताना काही होतंय? काळ वेगळा आहे, मुलांचा गट वेगळा आहे, म्हणून नुसत्या या तुलनेवरून निकाल देता येणार नाही.

निकाल देण्यासाठी जे लागतं ते रिपोर्ट देत नाही. सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीच्या मुलात ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ लुकडेपणाच्या रेषांमध्ये जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचं अंतर असतं. वजन जवळच्या पूर्ण किलोला नेऊन लिहिलं, तरी मूल सॅममधून मॅममध्ये जातं. असं होतंय का ते तपासणं सोपं आहे. वजनाच्या दशांश अंकांची वारंवारता मोजायची. ०, १, २ पासून ९ पर्यंत सगळे अंक साधारण सारखे यायला हवेत. ० आणि ५ चा ढीग लागला तर समजायचं. ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमणारी तपासणी आहे. पण त्यासाठी नावं काढून टाकलेली का होईना, मूळ वजनं लागतात. वर्गवारी करून झालेल्या बेरजांतून ती परत मिळत नाहीत.

नोंद कुणाची, जाब कुणाला

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अभ्यासाने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दाखवलं होतं की महाराष्ट्रातले बरेचसे बालमृत्यू सरकारी अहवालांत येतच नव्हते. स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी स्वतंत्र नोंद ठेवली, तेव्हा ते कळलं. तेव्हा कागद होता, आता ॲप आहे. पण ज्यांना वाढलेल्या आकड्याचा जाब विचारला जाणार, तो आकडा त्यांच्याच हातून येतो, ही रचना तशीच आहे. यात सेविकेला दोष देऊ नका. मोजमाप १०० टक्के व्हावं, वेळेत व्हावं, आणि आकडे वाईटही नसावेत, अशा तिन्ही अपेक्षा तिच्याच माथी येतात.

रिपोर्टचं सॉफ्टवेअर वरच्या साहेबाच्या प्रश्नासाठी बनतं: काम झालं का, किती टक्के झालं? त्या प्रश्नाचं उत्तर ते चोख देतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे: मुलाचं काय झालं? डॅशबोर्ड कितीही रंगीत असला तरी त्यासाठी तो बनवलेला नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहायच्या आधी हे करा. डाउनलोड केलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घाला आणि मूळ फाइलला हात लावू नका, कारण मागच्या महिन्याचे आकडे पुढच्या महिन्यात बदललेले दिसू शकतात. प्रत्येक टक्क्याशेजारी त्याचा छेद लिहा. मूळ नोंदी मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात नावं वगळून मागा. आणि एका अंगणवाडीत मोजमापाच्या दिवशी जाऊन बसा, शक्यतो दिवाळीनंतर. यादीतली किती मुलं काट्यापर्यंत पोचली आणि न आलेल्यांच्या नावापुढे काय भरलं गेलं, ते वहीत उतरवून घ्या.