लष्करी वाहनांचे संगणक-नियंत्रित सस्पेन्शन : एक चिकित्सा

प्रस्तावना

दुर्गम भूप्रदेशात वावरणाऱ्या लष्करी वाहनांच्या संदर्भात 'अनुकूली', 'सक्रिय', 'बुद्धिमान' ही विशेषणे अलीकडे वारंवार वापरली जातात. वाहनावरील संवेदक जमिनीचा चढउतार ओळखतात, संगणक निर्णय घेतो आणि सस्पेन्शन क्षणार्धात आपला स्वभाव बदलते, असे या प्रणालीचे सर्वसाधारण वर्णन केले जाते. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, याची चिकित्सा केली आहे. मराठीत 'निलंबन' म्हटले की कार्यालयीन कारवाई आठवते. म्हणून येथे 'सस्पेन्शन' हाच रूढ शब्द स्वीकारला आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही डीआरडीओची प्रयोगशाळा लष्करी वाहनांवर काम करते. तिने टाटा मोटर्सच्या सहकार्याने विकसित केलेले आठ चाकांचे चिलखती वाहन 2014 च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये प्रथम मांडले गेले. अशा वाहनांच्या पुढील पिढ्यांची चर्चा होईल तेव्हा सस्पेन्शनवरील नियंत्रण हा मुद्दा टाळता येणार नाही.

संकल्पनेतील संदिग्धता

सस्पेन्शनचे तीन प्रकार आहेत. निष्क्रिय प्रकारात स्प्रिंग आणि डॅम्पर यांचे गुणधर्म कारखान्यातच ठरतात. ट्रकचे कमानपाटे, टी-72 रणगाड्याचे टॉर्शन बार आणि 2004 पासून सैन्यात दाखल होऊ लागलेल्या अर्जुन रणगाड्याचे हायड्रोगॅस सस्पेन्शन, ही सर्व याच वर्गातली. सक्रिय प्रकारात बाहेरून ऊर्जा पुरवून चाक व सांगाडा यांमध्ये बल निर्माण केले जाते. अर्धसक्रिय प्रकार या दोहोंच्या मधला असून त्यात केवळ डॅम्परमधील झडप कमीअधिक उघडते किंवा डॅम्परमधील चुंबकीय द्रवाचा दाटपणा बदलतो.

'अनुकूली' या एकाच शब्दाखाली सक्रिय व अर्धसक्रिय हे दोन्ही प्रकार मोडतात. मात्र त्यांच्या मर्यादा सर्वस्वी भिन्न आहेत. 1974 मध्ये कार्नोप, क्रॉस्बी व हारवुड यांनी मांडलेली 'स्कायहुक' कल्पना अर्धसक्रिय नियंत्रणाचा पाया मानली जाते. वाहनाचा सांगाडा आकाशातील स्थिर आकड्याला डॅम्परने जोडला आहे अशी कल्पना करावयाची आणि त्या डॅम्परने दिले असते तसे बल प्रत्यक्षातील डॅम्परकडून मिळवावयाचे. तथापि प्रत्यक्षातील डॅम्पर चाक व सांगाडा यांच्या सापेक्ष गतीला विरोध तेवढा करू शकतो. तो स्वतः ढकलू शकत नाही. इष्ट बलाची दिशा या विरोधाच्या दिशेशी जुळत नाही, तेव्हा झडप शक्य तितकी उघडून गप्प बसणे एवढेच संगणकाच्या हाती उरते. ही मर्यादा भौतिकशास्त्राची असून संगणक वेगवान केल्याने ती दूर होत नाही.

थंडी, उष्णता आणि चिखल

आपल्या सैन्याला थरच्या वाळवंटापासून लडाखपर्यंत वाहने न्यावी लागतात. हायड्रोगॅस प्रकारात बंदिस्त नायट्रोजन वायू स्प्रिंगचे काम करतो. तापमान 50 अंश सेल्सियसवरून उणे 30 अंशांवर आले, तर निरपेक्ष मापनात ते 323 केल्विनवरून 243 केल्विनवर येते. वाहनाचे वजन तेच असल्याने वायूवरील दाबही तोच राहतो. परिणामी वायूचे आकारमान सुमारे एक चतुर्थांशाने घटते. वाहन खाली बसते आणि स्प्रिंगची ताठरता सुमारे एक तृतीयांशाने वाढते.

संगणक तेल आत सोडून वाहनाची उंची पूर्ववत करू शकतो, परंतु वायूचे वस्तुमान तेवढेच असल्याने वाढलेली ताठरता तशीच राहते. त्या ताठरतेला साजेसे अवमंदन सुमारे 15 टक्क्यांनी वाढवावे लागते आणि ते अर्धसक्रिय डॅम्परला सहज साधते. या प्रणालीचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे आणि त्याच्या मोठेपणाचे मोजमापही येथेच मिळते.

चिखलाची अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. दख्खनच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकाला चिकटलेला गारा चाकाचे वस्तुमान वाढवतो. त्यामुळे चाकाची स्वाभाविक वारंवारता घटते आणि संगणकात साठवलेले गणिती प्रतिमान प्रत्यक्षापासून दूर जाते. ज्या भूमीसाठी अनुकूलन हवे, तीच भूमी अनुकूलनाच्या गृहीतकांना धक्का देते.

वेगाचा निकष आणि जवानाचे शरीर

अशा वाहनांच्या मूल्यमापनात 'शोषित शक्ती' हा निकष प्रसिद्ध आहे. 1960 च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी प्राडको व ली यांनी तो विकसित केला. ज्या वेगाला चालकाचे शरीर सरासरी 6 वॅट कंपनऊर्जा शोषते, तो त्या भूमीवरील मर्यादित वेग समजला जातो. एखाद्या मोठ्या धक्क्यासाठी चालकाच्या आसनावर गुरुत्वत्वरणाच्या अडीच पट ही वेगळी मर्यादा धरली जाते.

निकष शास्त्रीय आहे, पण त्यात एक मेख आहे. सस्पेन्शन सुधारले की वाहन अधिक वेगाने धावते आणि चालक पुन्हा त्याच 6 वॅटपाशी येऊन पोहोचतो. सुधारणेचा सर्व लाभ वेगाला मिळतो. कण्याच्या वाट्याला काहीच येत नाही. रणांगणावर वेग म्हणजे जीव वाचणे, हे मान्यच आहे. परंतु शांततेच्या काळातील सराव आणि गस्त यांतही हेच वाहन वापरले जाते. शिवाय निकष चालकाच्या आसनाचा. मागच्या भागात बसलेल्या पायदळाच्या जवानांना सोसावे लागणारे धक्के त्यात येत नाहीत. मनुष्यदेहाला उभ्या दिशेतील 4 ते 8 हर्ट्झ वारंवारतेची कंपने विशेष बाधक असतात. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी दर सेकंदवर्गास 0.5 मीटर त्वरणाला दक्षतेची आणि 1.15 मीटरला अंतिम मर्यादा ठरवली आहे. लष्करी वाहनाचा अहवाल या भाषेतही लिहिला जावा.

बिघाडानंतरचे वर्तन

संगणक बंद पडल्यावर वाहन कसे वागते, हा प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णायक प्रश्न आहे. अर्धसक्रिय प्रणालीत विद्युतप्रवाह खंडित झाला की झडप कोणत्या स्थितीत स्थिरावते, हे आराखड्यातच ठरते. ती पूर्ण उघडी राहिली तर जड वाहन उसळत राहील. मध्यम स्थितीत स्थिरावली तर ते साध्या वाहनासारखे परत येईल. सक्रिय प्रणालीत वजन पेलणारी स्वतंत्र स्प्रिंग नसेल, तर ऊर्जा संपताच वाहन जागीच बसेल.

चुंबकीय द्रवाचे डॅम्पर मिलिसेकंदांत प्रतिसाद देतात आणि 2002 पासून प्रवासी मोटारींत ते वापरात आले आहेत. परंतु त्यातील लोहकण कालांतराने तळाशी बसतात. मोटार रोज रस्त्यावर असते. लष्करी वाहन महिनोन्‌महिने आगारात उभे असते आणि मग एका आदेशासरशी निघते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून संगणक-नियंत्रण त्याज्य ठरत नाही. आजच्या स्थितीत अर्धसक्रिय प्रणाली हा लष्करी वाहनांसाठी अधिक विवेकी पर्याय ठरतो, कारण ती कमी ऊर्जेवर चालते आणि योग्य आराखडा असल्यास बिघाडानंतरही वाहन चालते ठेवते. मात्र तिची परीक्षा तीन अटींवर व्हावी : एकाच वेगाला, सर्व आसनांवर मोजलेली कंपने, नियंत्रण पूर्णतः बंद ठेवून केलेली धाव, आणि दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनाची थंडीत व चिखलात घेतलेली चाचणी.

येथे कोल्हापूरच्या महाविद्यालयांचा संबंध येतो. गळीत हंगामात उसाच्या फडातून ट्रॉली ओढत निघणारा ट्रॅक्टरही दुर्गम भूमीवरचेच वाहन आहे. त्याच्या मागच्या आसाला बहुधा सस्पेन्शन नसते. टायर आणि आसन यांवरच सारी मदार. त्या आसनावरील कंपने मोजण्यासाठी त्वरणमापक आणि भौतिकशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी व शरीरशास्त्र या विभागांचे सहकार्य एवढेच पुरे. जवानाच्या कण्याविषयी अधिकाराने बोलण्यापूर्वी आपल्या दारातील चालकाच्या कण्याचे मोजमाप आपण घेतलेले असावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.