घरघर, खडखड आणि धाडकन : युद्धविमानांच्या संगणकीय खेळांतील जखमी इंजिनाचा ध्वनी

‘हुबेहूब’ हा शब्द आपल्या समीक्षेत जितक्या सैलपणे वापरला जातो तितका दुसरा क्वचितच एखादा वापरला जात असेल. नटाचे रडणे हुबेहूब, चित्रातले आंबे हुबेहूब, कादंबरीतली बोली हुबेहूब; कशाशी हुबेहूब आणि कोणत्या अंगाने, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा करणारा एक नवा कलाप्रकार आता आपल्या घराघरांत येऊन बसला आहे. २००१ मध्ये रशियात निर्माण झालेला ‘इल-२ श्टुर्मोविक’ आणि त्यानंतरचा ‘डीसीएस वर्ल्ड’ हे विमानयुद्धाचे खेळ केवळ करमणुकीचा दावा करीत नाहीत. विमान जसे उडते तसेच ते उडवून दाखवतो, असा त्यांचा दावा आहे. भारतीय हवाई दलाने २०१४ व २०१९ साली स्वतःचे जे खेळ काढले ते निराळ्या प्रकृतीचे, प्रचार व मनोरंजन यांकडे झुकणारे. त्यांना ही कसोटी लावणे अन्यायाचे होईल. परंतु जो खेळ तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि पेट्रोलचा साठा यांचा वेगवेगळा हिशेब ठेवतो, त्याचे इंजिन गोळी लागल्यावर कसे वाजते, हे तपासण्याचा अधिकार श्रोत्याला आहे, आणि ध्वनिविचाराच्या अभ्यासकाला तर विशेषच आहे.

या तपासणीसाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्यात वारज्याला मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेला जी गॅरेजे आहेत तेथे बिघडलेल्या इंजिनाचे एक सूक्ष्म ध्वनिशास्त्र रोज व्यवहारात असते. ‘मिसिंग मारतंय’, ‘टॅपेट वाजतोय’, ‘बेअरिंग वाजतंय’, ‘नॉकिंग आहे’, ‘पिस्टन चिकटला’ ही तेथील परिभाषा. ती अर्धी इंग्रजी असली तरी तिच्यातील भेद अस्सल आहेत. कारागीर इंजिन आधी मंद गतीवर चालू ठेवतो, मग रेस देतो, आणि आवाज गतीबरोबर कसा बदलतो ते ऐकतो. हे ऐकणे उगाच नव्हे. चारघाती इंजिनात प्रत्येक झडप क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. कनेक्टिंग रॉडचे झिजलेले बेअरिंग मात्र साधारणतः दर फेरीला ठोका देते. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या मंद गतीवर पहिला आवाज सेकंदाला ५ वेळा, दुसरा १० वेळा येतो. हा भेद सरावलेल्या कानाला सहज कळतो. स्वनिमांच्या अभ्यासात आपण ज्याला लघुतम युग्म म्हणतो, म्हणजे एकाच घटकाच्या फरकाने अर्थ पालटणारी शब्दजोडी, तेच येथे आहे. फरक एवढाच की ‘पाट’ आणि ‘बाट’ यांच्या जागी टॅपेट आणि बेअरिंग आहेत, आणि चूक ऐकली तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

हीच कसोटी खेळांना लावून पाहावी. प्रश्न असा की, केवळ कानाने ऐकून खेळाडूला दोन बिघाडांतला फरक सांगता येतो काय? प्रस्तुत लेखकाने ऐकलेल्या खेळांपुरते उत्तर बव्हंशी नकारार्थी आहे. मार लागलेले इंजिन ‘खडखडते’; सिलिंडर फुटला तरी तेच, बेअरिंग गेले तरी तेच. सामान्य खडखडाटाचा एक थर निरोगी आवाजावर पसरला जातो आणि इजा वाढली की तो थर जाड होतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर धुरावरून अग्नीचे अनुमान होते ते धूर अग्नीसारखा दिसतो म्हणून नव्हे, तर धूर अग्नीवाचून संभवत नाही म्हणून. इंजिनाचा आवाजही असाच हेतू असला पाहिजे. एकच आवाज पाच कारणांना चिकटलेला असेल तर तो सव्यभिचार हेतू होय. त्यावरून ‘काहीतरी बिघडले’ यापलीकडे काही सिद्ध होत नाही. मग तो आवाज कितीही धातूमय, कितीही अंगावर काटा आणणारा असो, त्याला हुबेहूब म्हणणे शब्दाचा दुरुपयोग आहे.

दुसरा दोष अडखळण्याचा. विमान जखमी झाले की इंजिन खोकते, थांबते, पुन्हा उसळते, असा संकेत चित्रपटांनी रुजवला आणि खेळांनी तो उचलला. परंतु गणित वेगळे सांगते. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरांचे. ते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो, आणि सर्व मिळून ३०० स्फोट होतात. त्यांतला एक सिलिंडर मेला तर उरलेले २७५ स्फोट चालूच राहतात. फक्त दर बारावी जागा रिकामी पडते. ही रिकामी जागा सेकंदाला २५ वेळा येते, म्हणजे मानवी कान ज्याला ‘स्वर’ म्हणून ओळखू लागतो त्या सीमेच्या अगदी काठावर. म्हणून तो आवाज खोकल्यासारखा नसतो; मूळ गुंजारवाखाली एक खोल थरथर भरून राहते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घोगऱ्या आवाजातील स्वरतंतूंची अनियमित कंपने आठवतील. तेथेही आवाज तुटत नाही, फक्त खरबरीत होतो.

अडखळणे खरे असते, पण ते वेगळ्या कारणाने : इंधन किंवा ठिणगी सर्वच सिलिंडरांना एकदम कमी पडली म्हणजे. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात मर्लिन इंजिनाला ही व्याधी होतीच. विमानाचे नाक झटकन खाली दाबले की तरंगत्या फुग्याच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा मेळ बिघडे आणि इंजिन आचका देई. जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरांत सोडलेले असल्याने त्यांना हा त्रास नव्हता. बिॲट्रिस शिलिंग या अभियंत्री बाईंनी १९४१ च्या आरंभी इंधनाच्या वाटेवर छिद्र असलेली एक छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता उपाय केला. गोळी न लागलेल्या इंजिनाचा हा आचका ज्या खेळात नीट ऐकू येतो, त्यात तो अत्यंत अर्थपूर्ण आहे. तोच आचका मग गोळी लागल्यावरही वापरला म्हणजे मात्र दोन वेगळ्या शब्दांचा एकच उच्चार केल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट तांत्रिक असली तरी ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्याला ती ताबडतोब पटेल. पुष्कळ खेळांत इंजिनाचा आवाज म्हणजे एक छोटे ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा वाजवलेले असते, आणि इंजिनाची गती वाढली की ते ध्वनिमुद्रण अधिक वेगाने फिरवले जाते. ध्वनिमुद्रिका वेगाने फिरवली असता भारदस्त गायकाचा आवाज पोरकट होतो, हे जुन्या पिढीतल्या सर्वांना ठाऊक आहे. कारण उघड आहे. १९६० साली गुन्नार फांट यांनी वाणीच्या ध्वनिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात स्रोत आणि मुखविवराचा अनुनाद यांची जी फोड मांडली ती येथेही लागू पडते. स्फोटांची गती हा स्रोत. धुराड्याच्या नळ्या आणि विमानाचे पत्र्याचे अंग हा अनुनाद. गती वाढली म्हणून नळी आखूड होत नाही. ध्वनिमुद्रण वेगाने फिरवताना मात्र दोन्ही एकदम वर चढतात आणि भले थोरले इंजिन शिवणयंत्रासारखे वाजू लागते. चांगले खेळ निरनिराळ्या गतींची मुद्रणे घेऊन ती एकमेकांत मिसळतात व हा दोष बराच झाकतात. निरोगी इंजिनाच्या बाबतीत हे साधते. जखमी इंजिनाच्या बाबतीत साधत नाही, कारण मुद्रणेच नसतात.

या ‘नसण्या’कडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. उडू शकणारी मर्लिन इंजिने आज थोडी उरली आहेत आणि त्यांची किंमत पाहता केवळ मायक्रोफोनसाठी कोणी मालक आपले इंजिन फोडू देणार नाही. १९३९ मध्ये उभ्या राहिलेल्या लोहगावच्या तळावर महायुद्धाच्या काळात जी विमाने आली-गेली त्यांपैकी एखादे बिघडलेल्या इंजिनाने उतरले असेल, तर त्याचा आवाज ऐकणारे कान आता उरलेले नाहीत, आणि तो कोणी टिपूनही ठेवला नाही. म्हणजे खेळातला जखमी आवाज ज्याची नक्कल म्हणून पुढे येतो ते मूळ ना कारागिराने ऐकले आहे, ना श्रोत्याने. यास्काने निरुक्तात पक्ष्यांच्या नावांविषयी हाच वाद नोंदवला आहे : कावळ्याचे नाव त्याच्या ओरडण्याचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, हा एक पक्ष, शब्दानुकृती म्हणून काही नाहीच, हा औपमन्यवाचा पक्ष. कावळ्याच्या बाबतीत औपमन्यवाचे म्हणणे आपल्याला हट्टाचे वाटते, कारण कावळा खिडकीशी येऊन आपली साक्ष देतो. जखमी मर्लिनच्या बाबतीत त्याची बाजू चांगलीच बळकट आहे. येथे अनुकरण वस्तूचे होत नसून आधीच्या अनुकरणांचे होत आहे.

मग ध्वनिरचनाकार हा आवाज आणतो कोठून? माझ्या मते तो पुष्कळसा भाषेतून आणतो, आणि हे मराठी वाचकाला इतर कोणापेक्षा लवकर ध्यानात यावे. आपल्या अनुकरणवाचक शब्दांना व्याकरणकारांनी अव्ययांच्या कोपऱ्यात बसवले. मोल्सवर्थने मात्र आपल्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) त्यांना मुक्तद्वार दिले, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. या शब्दांची रचना पाहावी. खडखड, धडधड, घरघर अशी द्विरुक्ती झाली की ध्वनी चालू असलेली अवस्था सांगतो. खटकन, धाडकन, फाडदिशी असा प्रत्यय लागला की ध्वनी एका क्षणाची घटना सांगतो. अवस्था आणि घटना हे दोनच खण. खेळांतही नेमके हेच दोन खण आहेत : गोळी लागण्याचा ‘खाडकन’ आणि त्यानंतरची ‘खडखड’. या दोहोंच्या मधला इतिहास, म्हणजे तेल हळूहळू निघून जाते, बेअरिंग कोरडे पडते, ठोका आधी अस्पष्ट, मग ठळक होतो आणि शेवटी रॉड तुटून इंजिनाचे कवच फोडतो, हा सांगण्यासाठी एका शब्दाने भागत नाही. मराठी माणूस अशा वेळी वाक्य रचतो : आधी कुरकुरलं, मग खडखडलं, मग धाडकन गेलं. खेळाजवळ शब्द आहेत, वाक्य नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे. आणि ‘घरघर लागणे’ हा वाक्प्रचार आपण मरणासन्न माणसासाठी, तसाच बुडत्या संस्थेसाठीही वापरतो. इंजिन खोकले पाहिजे, कण्हले पाहिजे, आचके दिले पाहिजेत ही श्रोत्याची अपेक्षा त्याच कुळातली आहे. मरणाऱ्या यंत्राने माणसासारखे मरावे, असे आपल्याला वाटते.

येथे रचनाकाराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पुष्कळ प्राणघातक इजांना आरंभी आवाजच नसतो. मस्टँग विमानाच्या पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला एक गोळी पुरेशी असे. पाणी गळून जाईपर्यंत इंजिन उत्तम चालत राही आणि बातमी फक्त तापमापकाचा काटा देई. शिवाय वैमानिक शिरस्त्राण व कर्णयंत्रे घालून प्रचंड गोंगाटात बसलेला असतो. बिघाड त्याला ऐकू येण्याआधी बैठकीतून, पायाखालच्या पट्ट्यांतून, दांड्यावरच्या हातातून जाणवतो. वारज्यातल्या एखाद्या सदनिकेत खुर्चीवर बसलेल्या खेळाडूला हा स्पर्श कसा पोचवणार? तो कानावाटेच पोचवावा लागतो. म्हणजे खेळातला खडखडाट अंशतः स्पर्शाचे भाषांतर आहे, आणि भाषांतराला मूळ शब्दांपासून थोडे सरकण्याची मुभा असते. ज्या खेळात पाणी गळत असताना इंजिन मुद्दाम निरोगी वाजते आणि काट्याकडे न पाहणाऱ्या खेळाडूला तीन मिनिटांनी एकाएकी शासन होते, तो खेळ मला सर्वांत सत्यनिष्ठ वाटतो. परंतु तेथे ध्वनीचे यश त्याच्या मौनात आहे, आणि मौनाची स्तुती करणारा खेळाडू दुर्मिळ.

झोतविमानांची गोष्ट पुन्हा निराळी. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ज्या कारखान्याने मिग-२१ घडवली, त्या विमानाची एक प्रतिकृती २०१४ पासून ‘डीसीएस वर्ल्ड’मध्ये उडवता येते, खरे विमान हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त केले. या इंजिनात ठोके नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. आत घेतलेली हवा उलटली की तोफेसारखा एक बार होतो, कधी बारांची मालिका होते. हा आवाज प्रत्यक्ष ऐकलेले वैमानिक व तंत्रज्ञ आज हयात आहेत, नाशिक-पुण्यात निवृत्त जीवन जगत आहेत. मर्लिनच्या बाबतीत जी साक्ष कायमची हरपली ती येथे अजून मिळू शकते. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने खेळातले हे आवाज त्यांना, आणि पंख्याच्या विमानांचे आवाज महामार्गाकाठच्या गॅरेजवाल्यांना, चित्र न दाखवता ऐकवावेत आणि ते कोणता शब्द उच्चारतात एवढेच टिपून घ्यावे. गॅरेजवाला ‘मिसिंग’ म्हणाला तर ते एक उत्तर झाले. ‘टॅपेट’ म्हणाला तर दुसरे. तो नुसताच ‘खडखडतंय’ म्हणाला, तर बिघाड कोणता हे ध्वनिरचनाकाराने स्वतःच ठरवलेले नव्हते, असे समजावयास हरकत नाही.