उंदराची गाठ : एका निदानशब्दाची चिकित्सा

औसा तालुक्यातील पशुपालक ‘गाठ’ म्हणतो तेव्हा त्यामागे हाताचा अनुभव असतो. जुवामुळे आलेली बैलाची खांदेसूज कोणती आणि पिकलेले गळू कोणते, हे त्याला चाचपून कळते. घरात हौसेने पाळलेला पांढरा उंदीर, गिनीपिग वा हॅम्स्टर या अनुभवाच्या कक्षेबाहेरचा होय. तेथे ‘गाठ आहे’ हे निरीक्षणच निदान म्हणून स्वीकारले जाते. आक्षेप घ्यावयाचा तो येथे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड एकाच अध्यायात येतात. परंतु अर्बुद पिकत नाही, हा भेद तेथे स्पष्ट केलेला आहे. व्यवहारातील मराठीने तो पुसून टाकला. (१८९६ च्या प्लेगनंतर उंदीर आणि गाठ यांची सांगड भयाशीच बसली, हेही विसरता येत नाही.)

त्याहून मोठी अडचण ‘उंदीर’ या शब्दाची आहे. रॅट आणि माउस हे दोन्ही प्राणी मराठीत उंदीरच. त्यांच्या स्तनगाठींचे भवितव्य मात्र परस्परविरुद्ध. रॅटमधील बहुतेक स्तनगाठी तंतुग्रंथी-अर्बुदाच्या, म्हणजे सौम्य असतात व शस्त्रक्रियेने काढता येतात. माउसमधील बहुधा मारक असतात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनकर्करोगाचा जो मौलिक अभ्यास केला, तो माउसवर. त्या ज्ञानाच्या आधारे पाळीव रॅटला असाध्य ठरविणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या जीवाचा त्याग करणे होय. दोन-तीन वर्षांचे आयुष्य असलेल्या प्राण्याच्या बाबतीत ही चूक सुधारण्यास अवधीही उरत नाही.

गिनीपिगच्या जबड्याखालची सूज अनेकदा जंतुसंसर्गाने पू झालेली लसीका ग्रंथी असते. हॅम्स्टरचा फुगलेला गाल तर पुष्कळदा साठविलेले धान्यच!

गाठीचे स्थानही फसविते. रॅटची स्तनऊती मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असल्यामुळे खांद्याजवळची गाठसुद्धा स्तनाची असू शकते. सुईने पेशी काढून पाहणे सोपे खरे. पण तंतुमय गाठीतून पेशी थोड्याच येतात. निर्णय ऊतिपरीक्षेनेच द्यावा लागतो. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. औशाहून तेवढे अंतर जाण्यापूर्वी काढलेली गाठ दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रावणात ठेवावी, आणि चिठ्ठीवर वय, लिंग व स्थान लिहावे. प्राण्याच्या रकान्यात केवळ ‘उंदीर’ लिहिले, तर तपासणाऱ्याला पहिला प्रश्न परत विचारावा लागेल.