नानावटी खटला, ज्यूरी आणि बाहेरची गर्दी

कमांडर कावस नानावटी यांच्या १९५९ च्या मुंबईंतील खटल्याविषयीं एक कथा इतकी रूढ झाली आहे कीं, साक्षेपी लेखकहि ती आधार न देतां सांगतात. बाहेरच्या गर्दीनें ज्यूरीस दडपलें, ज्यूरीनें आरोपी सोडला, आणि त्या एका निकालानें देशांतील ज्यूरीची पद्धति बुडाली, अशी ही तीन कलमांची कथा. बखरीचीं कलमें अस्सल कागदांशीं ताडून पाहणाऱ्या आमच्या वाचकांनीं हींहि तशींच ताडावीं.

शेवटचें कलम लवकर निकालांत निघतें. ज्यूरी बंद करण्याची शिफारस लॉ कमिशनच्या चौदाव्या अहवालांत १९५८ सालींच झाली होती. प्रेम आहुजा यांस गोळ्या लागल्या त्या २७ एप्रिल १९५९ रोजीं. पुढेंहि कलकत्त्यास ज्यूरीपुढें खटले चालत राहिले आणि पद्धति संपली ती १९७३ च्या फौजदारी संहितेनें.

दुसरें कलम अर्धवट खरें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं आरोपीस निर्दोष ठरविलें, परंतु सेशन्स जज्ज मेहता यांनीं तें मत मान्य न करतां १८९८ च्या संहितेच्या कलम ३०७ अन्वयें प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. तेथें ११ मार्च १९६० रोजीं खुनाचा दोष शाबीत होऊन जन्मठेप झाली, व २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली.

खरा वाद पहिल्या कलमाचा. गर्दी होती, 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें आरोपीचा पक्ष उघडपणें घेतला होता, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु ज्यूरी आपल्या मतास कारणें देत नाहीं. नऊ गृहस्थांच्या मनांत काय चाललें होतें याचा कागद नाहीं. कागद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. जज्जांनीं ज्यूरीस शेवटीं जें समजावून सांगितलें, त्यांतच वरच्या न्यायालयांस दोष आढळले. गोळ्या अपघातानें सुटल्या असें म्हणणाऱ्या आरोपीवरच तेव्हांच्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणें तें दाखविण्याचा भार होता, ही मुख्य गोष्टच ज्यूरीस नीट सांगितली गेली नव्हती. इतकें कारण हातीं असतां गर्दीस कारण म्हणणें हें नैयायिकांच्या कुंभाराच्या गाढवासारखें होय. घट घडला तेव्हां तें अंगणांत होतें खरें, पण घटाच्या कारणांत त्यास कोणी धरीत नाहीं.

तथापि गर्दी सर्वस्वीं निरुपद्रवी असते असा आमचा आग्रह नाहीं. १९०८ च्या जुलैंत टिळकांवरील राजद्रोहाचा खटला चालला तेव्हां मुंबईचें लोकमत किती क्षुब्ध होतें हें शिक्षेनंतर गिरणी कामगारांनीं सहा दिवस पाळलेल्या संपावरून दिसतें. तरी ज्यूरींतील सात युरोपियन एका बाजूस व दोन हिंदी दुसऱ्या बाजूस गेले. रस्त्याचा आवाज त्या सातांपर्यंत पोंचलाच नाहीं. माणसावर दाब पडतो तो ज्यांच्यांत त्यास वावरावयाचें असतें त्यांचाच. १९५९ चे ज्यूरर याच शहरांत राहणारे, तेव्हां त्यांच्यावर परिणाम झाला असेल, हें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटतें. पण अनुमान हें अनुमान म्हणूनच लिहावें. नऊ माणसांस भित्रे म्हणणें ही त्यांच्यावरील लहानसहान तोहमत नव्हे.

लोकमताचा माग घ्यावयाचाच तर तो राजभवनाच्या दप्तरांत घ्यावा. हायकोर्टानें शिक्षा दिली त्याच दिवशीं राज्यपालांनीं ती तहकूब करून आरोपीस नौदलाच्या ताब्यांत ठेवविलें. सर्वोच्च न्यायालयापुढें काम असतां असा हुकूम चालणार नाहीं, असें त्या न्यायालयास १९६० च्या सप्टेंबरांत सांगावें लागलें. पुढें १९६४ सालीं माफीहि मिळाली. या कागदांकडे कथाकार फिरकत नाहींत. ज्यूरीच्या खोलींत, जेथें कागदच नाहीं, तेथें मात्र सर्वांची गर्दी.

ज्या संग्राहकांपाशीं १९५९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे 'ब्लिट्झ'चे अंक असतील त्यांनीं प्रत्येक लेखाची तारीख सुनावणीच्या तारखेशीं जुळवून एक तक्ता करावा. ज्यूरीचें मत पडण्यापूर्वीं काय छापलें गेलें आणि नंतर काय, एवढें वेगळें झालें तरी पहिल्या कलमाचा पुष्कळ भाग निवळेल.