कायद्यात न सापडलेला शब्द

पुस्तक आवडले की आपण त्यावर चार ओळी लिहितो. नाटक पडले तरी त्याची चर्चा करतो. कायद्याचे परीक्षण मात्र आपण करीत नाही. ते वकिलांचे काम, असे म्हणून बाजूला सारतो. खरे पाहता नाटक न पाहताही माणसाचे आयुष्य सुखाने जाते, पण कायद्यावाचून त्याचा जन्म नोंदला जात नाही, लग्न लागत नाही आणि दफनही होत नाही. म्हणून आज मी एका कायद्याचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. मी वकील नाही. माझे आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून गेले. परंतु कायदा ज्यांच्यासाठी लिहिला जातो त्यांच्यापैकी मी एक आहे, आणि तो वाचण्यासाठी एवढा अधिकार पुरेसा आहे.

हा कायदा म्हणजे ‘मूलभूत कायदा : मानवी प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य’. इस्राएलला भारतासारखी एकसंध लिखित राज्यघटना नाही. कनेसेतने वेळोवेळी मंजूर केलेले मूलभूत कायदेच घटनेच्या जागी आहेत, आणि माणसाच्या हक्कांसाठी त्यांत सर्वांत महत्त्वाचा हाच. १७ मार्च १९९२ रोजी तो ३२ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झाला. कनेसेतचे सभासद १२०. म्हणजे निम्म्याहून अधिक सभासदांनी या कामी मतच दिले नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या थोड्या हातांनी झाली, हे आधी लक्षात ठेवावे.

कायदा आहे जेमतेम डझनभर कलमांचा. भाषा साधी व भारदस्त आहे. माणसाच्या जिवाला, शरीराला आणि प्रतिष्ठेला कोणी धक्का लावू नये. प्रत्येकाला त्यांचे संरक्षण मिळावे. मालमत्ता, हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य, देशाबाहेर जाण्याचा हक्क व खाजगीपण राखले जावे, असे त्यात सांगितले आहे. सरकारला या हक्कांना मुरड घालायचीच असेल तर त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि मुरड गरजेपेक्षा जास्त नको, अशीही अट आहे. ज्या बाईने जन्मभर आजारी माणसांची अंगे पुसली, तिला शरीर आणि प्रतिष्ठा हे दोन शब्द एका ओळीत वाचून समाधान वाटते.

पण सारी कलमे वाचून होतात आणि एक शब्द सापडत नाही. तो शब्द म्हणजे समता, हिब्रूत ‘शिव्योन’. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत धर्म, वंश, लिंग असा कोणताही भेद न करता सर्व रहिवाशांना पूर्ण सामाजिक व राजकीय समता देण्याचे वचन होते. चव्वेचाळीस वर्षांनी कायदा लिहायला बसले तेव्हा तोच शब्द गळला. हा लेखनिकाचा प्रमाद नव्हे. समता लिहिली तर विवाह आणि घटस्फोट यांच्या कायद्यालाच धक्का बसेल, अशी धार्मिक पक्षांना धास्ती होती. प्रा. अम्नोन रुबिनस्टाईन यांनी हे विधेयक पुढे नेले ते वादाचे हक्क बाजूला ठेवून, जेवढे पदरात पडेल तेवढे घेण्याच्या धोरणाने. १९९४ साली दुरुस्ती होऊन, हे हक्क स्वातंत्र्याच्या घोषणेतील तत्त्वांना धरून पाळावेत, असे वाक्य घालण्यात आले. समता आली, पण मागील दाराने.

आमच्या व्यवसायात एक नियम पहिल्या वर्षीच शिकवतात : जे लिहिले नाही ते केले नाही. सकाळच्या पाळीने औषध दिले असेल, पण तक्त्यावर नोंद नसेल तर रात्रीची पाळी ते दिलेच नाही असे धरते. कायद्याचेही तसेच आहे. न्यायमूर्ती अहरोन बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रतिष्ठा’ या शब्दात समता वाचली, आणि त्यामुळे पुष्कळ चांगले घडले. १९९५ साली ॲलिस मिलर यांच्या खटल्यात वायुदलाच्या वैमानिक परीक्षेचे दार मुलींना उघडले. २००० साली कादान खटल्यात, सरकारने जमीन देताना अरब कुटुंबाला तो अरब म्हणून नाकारू नये, असा निकाल झाला. परंतु न्यायाधीशांनी जे शब्दात वाचले ते उद्याच्या न्यायाधीशांनी वाचलेच पाहिजे, असे बंधन कोठे आहे? शिवाय कनेसेतही स्वस्थ बसत नाही. २०११ साली नेगेव्ह आणि गालीलमधील लहान वसाहतींना प्रवेश-समित्या नेमण्याची मुभा मिळाली. अर्जदार वसाहतीच्या सामाजिक वातावरणाला साजेसा नाही, असे कारण या समित्या देऊ शकतात. वंश व धर्म पाहून नाकारू नका, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. पण ‘साजेसा नाही’ एवढे म्हटल्यावर वेगळे काही म्हणावेच लागत नाही. आरंभी ही मुभा चारशे कुटुंबांपर्यंतच्या वसाहतींना होती. २०२३ साली ती सातशेपर्यंत वाढवली.

आता दुसरा दोष. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि तो थेट आपल्या समाजाशी संबंधित आहे. दहाव्या कलमात म्हटले आहे की, हा मूलभूत कायदा येण्यापूर्वी जे कायदे अमलात होते त्यांच्या वैधतेला बाध येणार नाही. म्हणजे नवे औषध आणले, पण जुन्या आजाराला ते द्यायचे नाही! या कलमाच्या छत्राखाली जे जुने कायदे सुरक्षित बसले त्यांत १९५३ चा रब्बानी न्यायालयांचा कायदा आहे. त्याप्रमाणे इस्राएलमधील यहुदी माणसाचे लग्न व घटस्फोट रब्बानी न्यायालयांच्याच हाती आहेत. मुलकी पद्धतीचे लग्न येथे होत नाही. त्यासाठी जोडपी सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करतात.

या अधिकाराचा चटका बेने इस्राएलांना कसा बसला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. नातवंडांना मात्र सांगायला हवे. १९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाहास हरकत नाही असे ठरविले. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या की, बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आईच्या आईची, जितके मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला आणि त्यामुळे ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले, त्यांच्याकडे येथे आल्यावर आजीचे दाखले मागितले गेले! आपल्या लोकांनी मोर्चे काढले, धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेतची खास बैठक भरली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, विवाहातसुद्धा, इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, असे लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले. त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनेतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढले आणि तेथे ‘ज्यांच्याविषयी शंका असेल असे कोणीही’ या अर्थाचे शब्द घातले.

हा आपला विजय होता आणि त्याचा अभिमान आपण बाळगतो. पण परीक्षण करायचे तर नीट करावे. नाव गेले, शंका राहिली. सूचना सर्वांना लागू झाली, पण शंका कोणाची घ्यायची हे टेबलामागे बसलेल्या माणसाच्याच मर्जीवर राहिले. १९८० नंतर माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी एका कचेरीत ‘होदू’ हा शब्द ऐकताच कारकुनाने लेखणी खाली ठेवली आणि आईच्या आईच्या लग्नाचा कागद मागितला. माझ्यापुढे उभी असलेली पोलिश घराण्यातील मुलगी दोन साक्षीदारांवर मोकळी झाली होती. १९९७ साली पेताह तिकवा येथे आपल्या समाजाच्या विवाहांना पुन्हा अडथळा झाला. २०१९ साली रशियन भाषिक कुटुंबांकडून यहुदीपणासाठी रक्ताच्या नात्याची जनुकीय तपासणी मागितल्याची प्रकरणे पुढे आली. आपल्या दारातून निघालेली शंका शेजाऱ्याच्या दारी गेली, एवढेच. एका समाजाला दिलेली सूट ही समता नव्हे.

भारताच्या घटनेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही, कारण नागरिकशास्त्राचा पहिला धडा आम्ही तिकडेच गिरवला. तिच्या चौदाव्या कलमात समता स्पष्ट लिहिली आहे, सतराव्यात अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि तेराव्यात सांगितले आहे की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे तेवढ्यापुरते रद्द समजावेत. आमच्या दहाव्या कलमाच्या अगदी उलट! तरीपण माहेर म्हणून वाजवीपेक्षा अधिक स्तुती नको. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने नरसू आप्पा माळी खटल्यात, धर्मांचे व्यक्तिगत कायदे हे तेराव्या कलमातील ‘कायदा’ नव्हेत, असे ठरविले. म्हणजे तेथेही लग्नाच्या मांडवापाशी समता थबकली. फरक एवढाच की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यामुळे तेथे ज्याला हवी त्याला मुलकी लग्नाची वाट आहे. आणि कागदावर समता व समाजात विषमता ही विसंगती फार काळ टिकू देऊ नका, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतच दिला होता. शब्द लिहिल्याने काम संपत नाही. पण न लिहिल्यास ते सुरूच होत नाही.

याला एक चांगले उदाहरण माझ्या क्षेत्रातले आहे. १९९६ चा रुग्णहक्क कायदा मूलभूत नाही, साधाच आहे. पण धर्म, वंश, लिंग, राष्ट्रीयत्व किंवा मूळ देश यांवरून रुग्णारुग्णांत भेद करू नये, असे तो नाव घेऊन सांगतो. आणि तक्रार ऐकण्यासाठी माणूस नेमण्याचे बंधनही घालतो. त्याच वर्षाच्या जानेवारीत उघड झाले होते की, इथिओपियातून आलेल्या आपल्या बांधवांचे रक्त मागेन दाविद आदोम घेत असे आणि त्यांना न सांगता टाकून देत असे. त्या रागाने लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर आले. पुढे २०१६ साली यहुदी व अरब बाळंतिणींना वेगळ्या खोल्यांत ठेवले जाते अशा बातम्या आल्या, तेव्हा बोट ठेवायला या कायद्यातले शब्द तयार होते. भेद थांबला असे मी म्हणत नाही. पण भेदाला भेद म्हणता आले.

मूलभूत कायद्याचा तिसरा दोष त्याच्या पायात आहे. तो बदलायला खास बहुमत लागत नाही. सभागृहात हजर असलेल्यांचे साधे बहुमत पुरते. १९ जुलै २०१८ रोजी राष्ट्र-राज्याचा मूलभूत कायदा ६२ विरुद्ध ५५ मतांनी झाला, त्यातही समतेचे नाव नाही. २०२१ साली त्याविरुद्धचे अर्ज दहा विरुद्ध एक मताने फेटाळले गेले. जुलै २०२३ मध्ये सरकारचे निर्णय अवाजवी आहेत म्हणून रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार कनेसेतने काढला, आणि १ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने तो बदलच आठ विरुद्ध सात मतांनी रद्द केला. आपल्या हक्कांचे भवितव्य असे एका मतावर तोलले जावे, ही काळजीची गोष्ट आहे. कोणी कोणत्याही पक्षाला मत देवो, ही काळजी सर्वांची असावी.

तेव्हा माझा अभिप्राय असा : कायदा सुंदर आहे, अपुरा आहे, आणि त्याला पाया कच्चा आहे. यापुढे हक्कांचा कोणताही मसुदा पुढे आला की वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. समता हा शब्द लिहिला आहे काय? तो जुन्या कायद्यांनाही लागू आहे काय? आणि मोडला तर साध्या माणसाने कोणाकडे जायचे? १९६४ साली आपण स्वतःसाठी हे विचारले. आता इथिओपियन, रशियन वा अरब शेजाऱ्यासाठी विचारण्याची वेळ आली तर आपला आवाज तेवढाच मोठा असला पाहिजे. कारण ‘ज्यांच्याविषयी शंका असेल असे कोणीही’ या शब्दांत आपली नातवंडे अजून बसू शकतात.