दहा हजार लसींचा हिशोब : एका गाजलेल्या लेखाची चिकित्सा

बालकांच्या लसीकरणाविषयी पालकांच्या मनात जी शंका सर्वाधिक वेळा येते, ती अशी : एवढ्याशा जिवाला एकाच वेळी इतक्या लसी सोसतील का? या शंकेला उत्तर देणारा डॉ. पॉल ऑफिट व सहकाऱ्यांचा लेख जानेवारी २००२ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही व्याख्यानांत व माहितीपत्रकांत उद्धृत होतात. म्हणूनच त्याची काटेकोर तपासणी आवश्यक ठरते.

लेखाचा सर्वांत भक्कम भाग नवजात अर्भकाच्या प्रतिकारशक्तीविषयीचा आहे. अर्भक कोऱ्या पाटीसारखे असते, ही समजूत रक्ततपासणीत टिकत नाही. आयजीएम हे प्रतिपिंड वार ओलांडून आईकडून बाळाकडे जात नाही. तरीही गर्भातच संसर्ग झालेल्या बाळाच्या नाळेच्या रक्तात ते वाढलेले आढळते, म्हणजे ते बाळाने स्वतः तयार केलेले असते. आयजीजी मात्र आईकडून मिळते आणि काही महिन्यांत ओसरते. ते शरीरात असेपर्यंत गोवराची लस नीट रुजत नाही. भारतात ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. उलट हेपटायटिस बी लसीला नवजात बालक पहिल्या दिवसापासून प्रतिसाद देते. सारांश, लसीकरणाचे वेळापत्रक बाळाच्या क्षमता आणि मर्यादा पाहूनच आखलेले असते.

यानंतर येते ते प्रतिजनांचे, म्हणजे शरीर ज्यांना परके म्हणून ओळखते त्या घटकांचे, कोष्टक. १९८० साली अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या सात लसींत मिळून सुमारे ३,०४१ प्रतिजन होते. २००० साली लसी अकरा झाल्या, पण प्रतिजन १३० हूनही कमी उरले. युक्तिवाद प्रभावी आहे. मात्र तो जसाच्या तसा भारतीय वर्गात आणणे ही चूक ठरेल. अमेरिकेतील ही घट मुख्यतः एकाच बदलामुळे झाली : डांग्या खोकल्याच्या पूर्णपेशी लसीऐवजी शुद्ध केलेल्या मोजक्या प्रथिनांची लस आली. एका पूर्णपेशी लसीतच सुमारे ३,००० प्रतिजन मानले जातात. भारताच्या शासकीय कार्यक्रमातील पेंटाव्हॅलंट लसीत आजही हाच पूर्णपेशी घटक असतो. शिवाय जन्मतः दिली जाणारी बीसीजी हा तर जिवंत, दुर्बल केलेला जंतू असून त्याच्या जनुकांची संख्याच चार हजारांच्या घरात आहे. तेव्हा 'आजच्या लसींत १३० सुद्धा प्रतिजन नाहीत' हे विधान बेळगाव वा हैदराबादच्या शासकीय दवाखान्यातील बाळाला लागू होत नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ही तफावत दाखवून दिली, तर अध्यापकाच्या उरलेल्या बरोबर विधानांवरचा विश्वासही डळमळेल.

लेखातील सर्वांत गाजलेला आकडा दहा हजारांचा. बाळ तत्त्वतः एका वेळी दहा हजार लसींना प्रतिसाद देऊ शकते, असे लेखक सुचवतात. हिशोब असा : एका मिलिलिटर रक्तात एक कोटी बी पेशी; प्रत्येक लसीत १०० प्रतिजन आणि प्रत्येक प्रतिजनावर ओळखीच्या दहा खुणा, म्हणजे एकूण १,००० खुणा; एक कोटीला हजाराने भागले की दहा हजार. हा अंदाज आहे, प्रयोग नव्हे, आणि लेखकांनीही तो तात्त्विक म्हणूनच मांडला. परंतु पुढे गृहीतके गळाली आणि आकडा तेवढा उरला. विरोधकांनी तो टिंगलीसाठी उचलला. वस्तुतः त्यात भारतीय वास्तव घालून पाहता येते. प्रत्येक लसीत १०० ऐवजी ३,००० प्रतिजन धरले, तर उत्तर ३३३ येते. दहा हजारांचा डौल जातो, मुद्दा मात्र शाबूत राहतो.

तरीही क्षमता असणे आणि सुरक्षितता सिद्ध होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. लेखातील आकडेमोड पहिलीविषयी बोलते; दुसरीसाठी प्रत्यक्ष मुलांची निरीक्षणेच लागतात. ती नंतरच्या वर्षांत आली. २०१३ साली डीस्टेफानो व सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेली २५६ मुले आणि नसलेली ७५२ मुले यांची तुलना केली. वयाच्या दोन वर्षांपर्यंत मिळालेल्या प्रतिजनांच्या संख्येत त्यांना फरक आढळला नाही. २०१८ साली ग्लान्झ व सहकाऱ्यांनी, अधिक प्रतिजन मिळालेली मुले इतर संसर्गांना अधिक बळी पडतात का, हे तपासले. तसा संबंध दिसला नाही. २००२ च्या लेखाशेजारी ही दोन संशोधने ठेवली तरच युक्तिवाद पूर्ण होतो. त्याबरोबरच पूर्णपेशी लसीने ताप व सूज अधिक येते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दडवलेला ताप अफवेला खतपाणी घालतो.

ऑफिट हे स्वतः रोटाव्हायरसच्या एका लसीचे सहसंशोधक आहेत, असा आक्षेप घेतला जातो. माहिती खरी आहे आणि वाचकाला ती असावी. परंतु तिने हिशोब खोटा ठरत नाही. तो तपासण्याची जबाबदारी तेवढी वाढते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेचा पहिला टप्पा ज्या राज्यांत सुरू झाला, त्यांत कर्नाटक व गोवा होते, आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांनी पालक धास्तावले होते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत गोवराने मुलांचे बळी घेतले. रुग्णांत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. अशा वस्त्यांतून आलेला विद्यार्थी घरी जाऊन आईला काय सांगतो, हे बऱ्याच अंशी महाविद्यालयात त्याने काय ऐकले यावर अवलंबून असते. ऑफिट यांचा लेख त्याला अवश्य शिकवावा. मात्र त्यातील आकडे पाठ करून घेण्याऐवजी ते फळ्यावर मांडून, मोडून, पुन्हा जुळवून दाखवावेत.