शीर्षकदृश्याची संहिता : ‘डॉक्टर हू’च्या निमित्ताने

दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्याकडे समीक्षेने बहुधा दुर्लक्षच केले आहे. जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना आदी घटकांना संहितेचे ‘उंबरठे’ म्हटले. परंतु ग्रंथाचा उंबरठा वाचक एकदा ओलांडतो, मालिकेचा प्रेक्षक मात्र तो वर्षानुवर्षे ओलांडत राहतो. या पुनरावृत्तीचे सौंदर्यशास्त्र तपासण्यासाठी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिकेइतके समृद्ध उदाहरण क्वचितच सापडेल.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ही मालिका सुरू झाली. बर्नार्ड लॉज यांनी तिच्या शीर्षकदृश्यासाठी वापरलेले तंत्र साधे होते : कॅमेरा स्वतःच्याच प्रतिमेचा पडदा टिपतो, ती प्रतिमा पुन्हा पडद्यावर येते, पुन्हा टिपली जाते आणि या आवर्तनातून धूसर, लवलवते आकार उमटतात. येथे अवकाशयान नाही, ग्रहगोल नाहीत. काळाचे चित्रण करण्याऐवजी काळातच घडणारी एक प्रक्रिया प्रेक्षकासमोर ठेवली आहे. रॉन ग्रेनर यांची संगीतरचना डेलिया डर्बिशायर यांनी फितीचे तुकडे कापून-जोडून, जवळजवळ स्वरागणिक साकारली. मानवी वादकाचा श्वास नसलेला हा नाद त्या प्रतिमांशी एकजीव होतो. पहिल्या भागात तर शीर्षकदृश्य संपून धुक्यातील पोलीस शिपाई दिसू लागला तरी संगीत थांबत नाही. परिचित लंडनही त्यामुळे परके होते. या दृश्याला नांदी म्हणण्याचा मोह होतो, परंतु नांदी मंगलाची असते, हे दृश्य अस्वस्थतेचे आहे.

१९६७ मध्ये या आकारांत नायकाचा चेहरा अवतरला. ज्या मालिकेचे नावच एक प्रश्न आहे, तिने उंबरठ्यावरच उत्तर देऊ करावे, हा विरोधाभास दुर्लक्षणीय नाही. पण नायकाची भूमिका नवनव्या नटांकडे जाऊ लागल्याने तो चेहरा ओळख देण्याबरोबरच तिची नश्वरताही सूचित करू लागला.

सत्तरच्या दशकात लॉज यांनीच ‘स्लिट-स्कॅन’ तंत्राने बोगद्याची प्रतिमा घडवली. क्यूब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’शी तिचे नाते उघड आहे. दृश्यदृष्ट्या ती देखणी आहे. तथापि तिच्यामुळे काळ हा ‘प्रवासाचा मार्ग’ ठरला, आणि पुढील बहुतेक रचना या रूपकाच्या बाहेर पडू शकल्या नाहीत. १९८० चे तारांगण व १९८७ ची संगणकनिर्मित आकाशगंगा यांत तंत्राची नवलाई अधिक, आशय कमी. २००५ च्या पुनरुज्जीवनात चेहरा गेला, बोगदा राहिला. बिली हॅनशॉ या चाहत्याने स्वतः रचून प्रसृत केलेली, घड्याळाच्या दंतचक्रांची कल्पना २०१४ मध्ये मालिकेने स्वीकारली, तेव्हा उंबरठा घडवण्याचा अधिकार प्रेक्षकाकडे गेला. अर्थात दंतचक्रे हे काळाचे फारच शब्दशः प्रतीक होय.

या उंबरठ्यावर कोणाचे नाव कोरले जाते, हाही प्रश्न उरतो. ग्रेनर यांनी डर्बिशायर यांना सहश्रेय देऊ केले होते. बीबीसीच्या धोरणात ते बसले नाही. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पडद्यावरील नामावलीत त्यांचे नाव प्रथम आले ते २०१३ च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’ या सुवर्णमहोत्सवी भागात.